एकाच नदीवरचं यानिच घर

ही नदी बघा. डॅन्यूब. अलीकडच्या काठाला बाच्का पालांका, हे सर्बियातलं गाव. पलीकडे इलोक, म्हणजे क्रोएशिया. मधे फक्त एक पूल. पण १९५७ मध्ये मिलान यानिच या अलीकडच्या गावात जन्मला तेव्हा दोन्ही काठ एकाच देशाचे होते, युगोस्लाव्हियाचे, आणि पलीकडे जायला कुणी कागद विचारत नव्हतं.

मिलान कयाक चालवायचा. के-वन, म्हणजे एकट्याची होडी, लांबीला सव्वापाच मीटरच्या आसपास आणि रुंदीला एवढीशी की नवीन माणूस बसला की आधी पाण्यातच जातो. लोकांना वाटतं हे सगळं हातांचं काम, पण तसं नाहीये, जोर पायातून येतो, उजवं पातं पाण्यात रोवलं की उजवा पाय दाबायचा, कंबर वळवायची आणि मग कुठे हात.

त्याची खरी रेस १०,००० मीटरची. यात प्रत्येकाला वेगळी लेन नसायची, सगळ्या होड्या घोळक्यात, वल्ह्याला वल्हं लागतंय, पुढच्याच्या लाटेवर आपली होडी टिकवून दम राखायचा आणि नेमकं कधी सुटायचं ते डोकं शांत ठेवून ठरवायचं. यात मिलान तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झाला. पण ऑलिम्पिकमधून ही रेस १९५६ नंतरच काढून टाकलेली! ज्या रेसमध्ये त्याचा हात धरणारा सापडणं अवघड, तीच तिथे नाही.

मग तो १,००० मीटरला उतरला. १९८४, लॉस एंजेलिस, रेस लेक कसीटासवर. न्यूझीलंडचा ॲलन थॉम्पसन पहिला, मिलान दुसरा. त्या वर्षी सोव्हिएत युनियन, पूर्व जर्मनी, हंगेरी आले नव्हते म्हणून हे सिल्व्हर हलकं ठरतं असं कुणी म्हणालं तर मला अजिबात पटत नाही, कारण दहा किलोमीटरसाठी घडवलेलं शरीर चार मिनिटांच्या आत संपणाऱ्या रेसमध्ये झोकून देणं ही वेगळीच गोष्ट आहे.

नंतर देश फुटला. हीच नदी बॉर्डर झाली, १९९९ च्या नाटोच्या बॉम्बहल्ल्यात या पुलालाही मार बसला. आणि घरातली पोरं? तीही कयाकमध्येच. स्त्येपान आणि मिचो हे मुलगे क्रोएशियाकडून खेळले. मुलगी नताशा २००० ला सिडनीत युगोस्लाव्हियाकडून उतरली, अवघी अठरा वर्षांची पोर, ५०० मीटरमध्ये चौथी आली, मेडल थोडक्यात हुकलं. पुढे ती हंगेरीकडून खेळायला लागली. म्हणजे एकाच घरात तीन देशांच्या जर्सी.

१ जानेवारी २००३ ला मिलान गेला. वय फक्त ४५. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये नताशानं दोन गोल्ड जिंकली, एक एकटीनं, एक दोघींच्या होडीत, जोडीदार कातालिन कोवाचबरोबर. बापाला हे बघायला मिळालं नाही, आणि मला या सगळ्या कहाणीत तेच सगळ्यात जास्त लागतं.

२००८ ला बीजिंगमध्ये तिचं तिसरं गोल्ड आलं, पुन्हा कोवाचबरोबरच. आणि तिचं सहावं, शेवटचं ऑलिम्पिक मेडल २०१२ ला लंडनमध्ये, ब्राँझ, तेही २०० मीटरमध्ये. बापाची रेस दहा किलोमीटरची, लेकीची जेमतेम पाऊण मिनिटाची. त्या दिवशी गोल्ड नेलं लिसा कॅरिंग्टननं. तीसुद्धा न्यूझीलंडचीच.