यवतेश्वरच्या घाटातलं माकड

नमस्कार श्रोतेहो. यवतेश्वरच्या घाटात कठड्यावर बसलेलं माकड पुढच्या वेळी जरा निरखून बघा. डोक्यावर मधोमध भांग पाडून केस चहूबाजूंनी विंचरल्यासारखे, आणि शेपूट अंगापेक्षाही लांब. हे बॉनेट माकड. दक्षिण भारताचं द्वीपकल्प सोडलं तर जगात कुठल्याच रानात ते सापडत नाही. उत्तरेकडचं ऱ्हीसस याचा चुलतभाऊ. त्याचं शेपूट आखूड, मागचा भाग तांबूस. ऱ्हीसस मात्र अफगाणिस्तानापासून चीनपर्यंत पसरलेलं.

हे ऱ्हीसस आता दक्षिणेकडे सरकतंय आणि बॉनेटची हद्द मागं हटतेय. जिथं दोघं भेटतात, तिथं मिश्र टोळ्या होतात. मग संकर आलाच.

आपल्या गोठ्यातली गोष्ट घ्या. खिलार गाईला होल्स्टीनचं वीर्य भरलं, की कालवडीत निम्मं रक्त परकं. तिला पुन्हा खिलार वळू दाखवला, तर पुढच्या पिढीत पाव उरतं, मग त्याच्याही निम्मं. वासरू दिसायला पांढरंशुभ्र खिलार, पण आत कुठंतरी तो अंश टिकून असतो. एका जातीची जनुकं दुसरीत अशी झिरपत जाणं, यालाच जनुकप्रवाह म्हणतात. गोठ्यात वळू आपण निवडतो. रानात निवडणारं कुणी नसतं.

केनियातल्या अंबोसेलीत जीन आणि स्टुअर्ट आल्टमन यांनी 1971 मध्ये बबून माकडांचा अभ्यास सुरू केला, तो अजून चालू आहे. तिथं पिवळ्या बबूनांत ऑलिव्ह बबून मिसळतात. संकरित पिल्लं धडधाकट असतात, वयात आल्यावर त्यांनाही पिल्लं होतात. वर्षानुवर्षं डोळ्यांना काही वावगं दिसलं नाही. मग 400 हून जास्त बबूनांची जनुकं वाचली गेली, आणि 2022 मध्ये कळलं की महत्त्वाच्या जनुकांच्या आसपासचा ऑलिव्हचा अंश पिढ्यानपिढ्या गाळला जातोय. म्हणजे त्या मिसळण्याची किंमत मोजली जात होती, फक्त ती दिसत नव्हती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

संकर वाईटच, असं मी म्हणत नाही. निअँडरथल ही माणसाची नामशेष झालेली जात, तिचा साधारण दोन टक्के अंश तुमच्या-माझ्या अंगात आहे. पण ती सरमिसळ आपोआप झाली. आज गावाला त्रास देणारी माकडं पिंजऱ्यात पकडून, गाडीत घालून लांबच्या डोंगरात सोडतात. पिकाचं नुकसान खरं आहे, शेतकऱ्याची चिडही खरी. तरी गाडीत कुठलं माकड आहे आणि ज्या डोंगरात सोडणार तिथं कुठलं राहतं, हे कुणीतरी आधी बघायला हवं. शेपूट बघितलं तरी कळतं.