धाग्याची नळी, पेशींचं अस्तर

सोलापूरचा पूर्व भाग. इथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. मागावर चादर उतरतेय, वर नक्षी विणवून घेणारं यंत्र, जेकॉर्ड. हे जेकॉर्ड मूळचं फ्रान्सच्या लियों शहरातलं. त्याच शहरात अलेक्सिस कॅरेल नावाचा तरुण सर्जन भरतकाम करणाऱ्या एका बाईकडून बारीक टाके शिकला. धमनीची दोन टोकं गळती न होता जोडायची रीत त्याने बसवली आणि १९१२चं नोबेल मिळवलं.

पुढे धमनीच्या जागी बसवायची नळीच कापडाची झाली. १९५०च्या दशकात ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डीबेकी नायलॉन घ्यायला दुकानात गेले. ते संपलं होतं, म्हणून डेक्रॉन आणलं. डेक्रॉन म्हणजे आपलं पॉलिएस्टरच! घरच्या शिलाई मशीनवर त्यांनी नळ्या शिवल्या. महाधमनीला अशी नळी आजही बसवतात.

पण नळी बारीक झाली की कापड हरतं. ६ मिलिमीटरच्या आत परक्या धाग्यावर गुठळी धरते आणि वाट बुजते. खऱ्या रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं, ते रक्त गोठू देत नाही. हे अस्तर कुठला माग विणणार?

म्हणून शास्त्रज्ञांनी निसर्गाने विणलेली नळीच उचलली, डुकराची धमनी. डिटर्जंटच्या पाण्यात ती घोळवत ठेवायची. लाली उतरत जाते, पेशी निघून जातात, हातात उरते पांढरी फटक, ओली, लवचिक नळी: कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचे धागे. शरीर चिडतं ते मुख्यतः परक्या पेशींवर, या धाग्यांवर तितकं नाही. मग आत माणसाच्या पेशी सोडायच्या आणि ठोक्याठोक्याने द्रव खेळवायचा. निवांत ठेवलं तर पेशी नीट बसत नाहीत, त्यांना नाडीची सवय लावावी लागते.

दुसरी वाट अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ लॉरा निकलासन यांची. विरघळणाऱ्या जाळीवर डुकराच्या पेशी वाढवून त्यांनी धमनी तयार केली, तो शोधनिबंध १९९९चा. नंतर माणसाच्या पेशी आल्या. या पेशींनी नळी विणली की पेशींनाच धुऊन काढायचं, म्हणजे नळी कोणालाही चालते. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेने अशा नळीला परवानगी दिली. हातापायाच्या जखमी धमन्यांपुरती, तीही रुग्णाची स्वतःची शीर वापरता येत नसेल तेव्हा. नळी फाटून रक्तस्राव होऊ शकतो, हा इशारा सोबत आहेच.

सोलापूरच्या याच पूर्व भागात एक काका राहतात. आयुष्यभर माग चालवला, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हातात फिस्तुला, म्हणजे शीर धमनीला जोडलेली. ती बंद पडली तर दुसरी शीर शोधा, तीही नसेल तर नळी बसवा. रोज सकाळी चहाआधी ते उजव्या हाताची दोन बोटं तिच्यावर टेकवतात. कातडीखाली बारीक थरथर लागते. माग चालू आहे का बघतो, म्हणतात.