चेंडू निसटतो तेव्हा

[देवळाच्या पायऱ्या. वर चढणारी पावलं.]

सावाकिता देवापुढे हात जोडून उभा आहे. शालेय बास्केटबॉलमध्ये आता सिद्ध करायचं असं त्याच्याकडे काही उरलेलं नाही. त्याच्या सान्नो शाळेला अख्ख्या जपानमध्ये तोड नाही. म्हणून तो विजय मागत नाही. मला ज्या अनुभवाची गरज आहे तो दे, एवढंच मागणं घालतो.

देव ऐकतो. सान्नो हरते. कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या शोहोकु शाळेकडून, ७९-७८, शेवटच्या क्षणी, एका गुणाने. सामन्यानंतर बाहेरच्या वाटेत सावाकिता गुडघ्यांवर कोसळतो आणि हमसून हमसून रडतो.

ताकेहिको इनोउए यांचा 'स्लॅम डंक' हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९० ते १९९६ या काळात साप्ताहिकातून येत होता. हे मागणं त्यात नव्हतं. २०२२ साली इनोउए यांनी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा ते आलं. इतक्या वर्षांनी त्यांना हरलेल्या पोराकडे परत जावंसं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि जिंकलेल्या शोहोकुचं काय? पुढच्याच सामन्यात त्यांचा धुव्वा उडतो. मांगात तो सामना दाखवलेलासुद्धा नाही. हरले, एवढं सांगून लेखक पुढे जातो.

[मोठा हॉल. शेजारी शेजारी आखलेली कोर्ट्स.]

जपानमधल्या मोठ्या शालेय स्पर्धांत बाद फेरीची रीत आहे. एकदा हरलात की घरी. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी तर तो बहुतेक वेळा शाळेच्या जर्सीतला शेवटचा सामना. देशभरातून उतरलेल्या शाळांपैकी एकच न हरता घरी जाते, बाकी सगळ्यांचा शेवट हरण्यातच. त्यामुळे शाळेच्या मैदानावरची गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची, तर हार टाळून चालत नाही.

हारुइची फुरुदाते यांच्या 'हायक्यू'मध्ये नशिबाचं एक दृश्य आहे, त्याला तोड नाही. २०१२ ते २०२०, पंचेचाळीस खंडांचा हा व्हॉलीबॉलचा मांगा. राष्ट्रीय स्पर्धेत मियागी प्रांतातली कारासुनो आणि टोकियोची नेकोमा या दोन शाळा समोरासमोर येतात. तिसरा सेट, शेवटचा गुण. रॅली संपता संपत नाही. चेंडू घामाने ओला झालेला. नेकोमाचा सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, केन्मा हात वर करतो, चेंडू बोटांना लागतो आणि निसटतो. खाली पडतो. संपलं.

कुणाचं चुकलं? कुणाचंच नाही. पण नुसतं नशीब म्हणून हात झटकावेत, तर तो घाम आला कुठून? दोन्हीकडच्या पोरांच्या अंगातून. इतकी झुंज दिलीच नसती, तर चेंडू ओला झाला नसता. आणि एरवी धावपळीचा कंटाळा असलेला केन्मा याच सामन्यात जमिनीवर पडल्या पडल्या म्हणतो, मजा येतेय.

[त्याच दिवशी, दुसरा सामना.]

कारासुनोचा हिनाता बुटका, पण उडी अशी की बघत राहावं. सकाळी जिंकला, आणि पुढच्या सामन्यात, कामोमेदाई शाळेविरुद्ध, त्याला सणकून ताप चढतो. तो म्हणतो, मी खेळू शकतो. संघ सांभाळणारे ताकेदा सर त्याला थांबवतात. सर शाळेत साहित्य शिकवतात, स्वतः कधी व्हॉलीबॉल खेळलेले नाहीत. तेच त्याला सांगतात की हा क्षणसुद्धा व्हॉलीबॉलच आहे. बाहेर पडणं, अंगाची काळजी घेणं, हेही खेळातच येतं.

हिनाता कोर्टवरून जातो. उरलेला सामना बघता यावा म्हणून त्याला टॅब्लेट देतो कोण, तर सकाळीच त्याच्याकडून हरलेला केन्मा. पडद्यावर कारासुनो हरते. तो ताप एक दिवस आधी किंवा नंतर आला असता तर, हा विचार वाचकाच्या मनात येतोच. लेखक मात्र या 'जर-तर'ला थारा देत नाही. नशिबाला बोल लावायला हिनाताला एक पानही मिळत नाही.

पुढे त्याचं जेवण, झोप, व्यायाम सगळं बदलतं. शाळा संपल्यावर तो रिओ दि जानेरोला जातो, बीच व्हॉलीबॉल शिकायला. तिथे वाळूत त्याची ती उडी चालत नाही, आणि हवेत गेलेला चेंडू वारा हवा तिकडे नेतो. हिनाता वाऱ्याचा अंदाज घ्यायला शिकतो. सर्व्हिसच्या आधी, रोज.