चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

[नकाशा : मधे भारत, दोन्ही बाजूंना एकाच रंगात रंगवलेला पाकिस्तान]

१९४७ ते १९७१ हा एकच देश होता. पश्चिमेला कराची, पूर्वेला ढाका आणि मधे सोळाशे किलोमीटर भारत. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या आणि पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला.

यातल्या कुठल्या देशात मूल जन्माला यावं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर उत्तर द्यायला फार विचार करावा लागला नसता. पाकिस्तानात. बांगलादेशाच्या वाट्याला आदल्याच वर्षीचं भोला चक्रीवादळ, त्यात गेलेली लाखो माणसं, युद्धात उडवलेले पूल आणि पुढे १९७४ चा दुष्काळ. हजारातली दोनशेहून जास्त मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावत.

आज बांगलादेशात हा आकडा हजारी तीसच्या आसपास आहे. पाकिस्तानात जवळजवळ दुप्पट. सरासरी आयुर्मानातही बांगलादेश पाच-सात वर्षं पुढे.

पैसा आला म्हणून हे झालं म्हणावं, तर दरडोई उत्पन्नात बांगलादेशानं पाकिस्तानला मागे टाकलं ते अगदी अलीकडे. मुलांचे जीव त्याच्या कितीतरी आधीपासून वाचू लागले होते.

[दृश्य : अंगणातली चूल, पाण्याचं भांडं, गुळाची ढेप]

तीन बोटांची चिमूट मीठ. मूठभर गूळ. अर्धा शेर पाणी. जुलाबावर आपल्याकडे आरोग्यसेविका जलसंजीवनी म्हणून शिकवतात, तीच ही. कॉलऱ्याच्या रोग्याला असं मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं तर सलाइन फारच कमी लागतं, हे ढाक्याच्या प्रयोगशाळेनं १९६८ मध्ये दाखवलं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी ड्रमनं वाटलं.

पण या मिश्रणाच्या तयार पुड्या खेड्यात पोचवणार कोण? १९८० मध्ये ब्रॅक या बांगलादेशी संस्थेनं पुडीचा नादच सोडला. तिच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि आईच्या हातानं तिच्याच भांड्यात पाणी कालवून घेतलं. मागाहून तपासनीस येई. आईला किती आठवतंय, मीठ जास्त तर पडत नाही ना, हे पाहून कार्यकर्तीचा मेहनताना ठरे. शिकवून मोकळं व्हायची सोयच नव्हती!

तरी सुरुवातीला बायका शिकायच्या आणि वापरायच्या नाहीत. शोध घेतला तर कळलं, शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्याही गोळ्याच घेत. मग त्यांनाच पुन्हा नीट समजावलं. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं पालथी घातली गेली.

[दृश्य : कराचीतली गल्ली, बर्फाची पेटी खांद्याला लावून निघालेल्या दोघी]

पाकिस्तानलाही हा मार्ग ठाऊक होता. बेनझीर भुट्टो यांच्या सरकारनं १९९४ मध्ये घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांची लेडी हेल्थ वर्कर योजना आणली, ती चांगलीच होती आणि आजही चालते. पण तिथे पोलिओचा डोस पाजायला निघालेल्या बाईसोबत बंदूकधारी पोलीस द्यावा लागतो, आणि तरीही हल्ले होतात. जगात पोलिओनं अजून ठाण मांडलेले देश दोनच : अफगाणिस्तान आणि पाकिस्तान.

बाई एकटी घराबाहेर पडू शकते का, यावर माझ्या मते बरंच काही ठरलं. ढाक्यात सकाळी शिलाई कारखान्यांकडे जाणाऱ्या मुलींची रांग लागते. तिथलं काम सुखाचं आहे असं कुणी समजू नये. २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळला आणि अकराशेहून जास्त माणसं मेली. पण पगार हातात येतो.

पाकिस्तानला मात्र एका बाबतीत नावं ठेवता येत नाहीत. अठराच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचं प्रमाण तिथे पाचात एकीच्या आसपास आहे. बांगलादेशात, मुलींना शाळेसाठी १९९४ पासून देशभर विद्यावेतन देऊनही, ते दोघींत एक आहे.