त्याच बारा मुली

मंडळी, सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख 'अष्टपैलू खेळाडू' अशी करून दिली. खो-खो, कबड्डी, चारशे मीटर, रिले. ऐकायला भारी वाटतं. खरं कारण एवढंच, की आमच्या हायस्कुलात घरून खेळायची परवानगी मिळालेल्या मुलीच बारा होत्या. खो-खोच्या संघात ज्या, त्याच कबड्डीला आणि त्यांतल्याच चौघी रिलेला. तालुक्याच्या स्पर्धेला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर पळत जायचो, तोच आमचा वॉर्मअप.

आमचे पी.टी.चे सर दोरी ताणून स्वतः फक्की मारायचे. बारा जणींत दोन-तीन खेळ बसवायचे म्हणजे डोकं चालवावं लागतं, आणि ते त्यांचं चालायचं. जी खो-खोत चांगली हूल देते, ती कबड्डीत चढाईला. दोन्हीकडे काम एकच, आपण डावीकडे निघालोय असं समोरच्याला वाटायला लावायचं. जी खांबाजवळ सूर मारायला घाबरत नाही, ती कोपऱ्याला, घोटा पकडायला. गुडघे फुटण्याची भीती तिची आधीच गेलेली असते. माझं मात्र धावण्यात अडायचं. खो-खोत संरक्षकाची नजर कायम आक्रमकावर असते. ती सवय अंगात इतकी मुरलेली, की चारशे मीटरला प्रत्येक वळणावर मी मागे बघायचे. सर कडेने ओरडायचे, "अगं, मागून कुणी खो द्यायला येत नाहीये, पुढं बघ!"

आता माझ्या मैत्रिणींबद्दल. खो-खोत मैदानाच्या मधल्या पाटीवर आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. खो मागूनच द्यावा लागतो, हात लावून आणि मोठ्यानं ओरडून. एक पाय पुढे, टाच उचललेली, बोटं मातीत, आणि पाठीवर थाप पडायची वाट. ती थाप कुणाची, हे न बघता कळायचं. एकीची अशी बसायची की मणके हलायचे. ती आता पोलिसात आहे, खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून लागली. दुसरीचा हात इतका हलका, की 'खो' ऐकू आलं म्हणून उठायचं. दहावीची परीक्षा झाली आणि तिचं लग्न लावून दिलं. खेळात ती आम्हा सगळ्यांपेक्षा सरस होती, हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं.

घरच्यांविषयी बोलताना लोक आईवडिलांपाशी थांबतात. त्यांनी पाठवलं, हे खरंच. पण आमच्याकडे दोन म्हशी होत्या आणि सकाळी डेअरीला दूध घालायचं काम माझं होतं. सराव साडेपाचला. माझ्या जागी दूध घेऊन जायला लागला माझा धाकटा भाऊ. त्याला क्रिकेटचं वेड. त्याच्या बरोबरीची पोरं सकाळीच खेळायची आणि हा किटली घेऊन रांगेत उभा. तो कधी संघात आला नाही. माझी प्रमाणपत्रं आईनं फ्रेम करून लावली, त्याला मात्र 'ह्याला खेळाची आवड नाही' असं सगळे म्हणायचे. तोही ऐकून घ्यायचा.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. झगझगीत दिवे, मातीच्या जागी मॅट. आमचा बारा जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप त्या रात्री झोपला नाही. भाऊ शेजारी बसून सामना बघत होता. मध्येच म्हणाला, "ताई, ह्या पोरींच्या घरी दूध कोण घालत असंल गं?" मी हसले, पण प्रश्न बरोबर होता.

म्हणून मुख्याध्यापकांना एक विनंती. पहाटेचा सराव बंद करा आणि शाळेचे शेवटचे दोन तास मैदानाला द्या. आमच्या सरांनी दहावीच्या वर्षी असंच केलं होतं. वर्गशिक्षक कुरकुरले, वेळापत्रक दोनदा फाडलं गेलं, पण जमलं. त्या वर्षी सकाळचं दूध मी घातलं आणि जिल्ह्यालाही गेले. भाऊ तेव्हा आठवीत होता, आणि सकाळी बॅट घेऊन बाहेर पडायचा.