भरती आली की बॅटरी उतरते

(दृश्य: वर्सोव्याची खाडी, ओहोटी. चिखलात टेकलेल्या बोटी.)

वर्सोव्याच्या खाडीत ओहोटी लागली की काठाजवळच्या बोटी चिखलात बसतात. जुनी बोट विकणारा गिऱ्हाइकाला नेमका याच वेळी बोलावतो. तळाची फळी उचलतो, आत हात फिरवतो आणि दाखवतो, बघा, कोरडा ठणठणीत. चिखलात बसलेली बोट गळणार तरी कशी? पाणी आत यायला आधी ते बाहेर असावं लागतं.

ही २४ फुटी फायबरची बोट अशीच घेतलेली. आत डिझेल इंजिन, १२ व्होल्टची एकच बॅटरी. मालक अंधेरीचा, रविवारी गळ टाकायला येणारा. तक्रार अशी की बोट तीन-चार दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता 'टक' म्हणतो आणि गप्प बसतो. दुकानदाराने बॅटरी बदलून दिली, जुनी एक्सचेंजमध्ये घेतली. नवीचंही तेच. तळात पाणी दिसतं ही दुसरी तक्रार, पण ती मालकाने सांगितलीच नव्हती. त्याच्या लेखी तो वेगळा विषय होता.

(दृश्य: मिस्त्री पेटी उघडतात.)

मिस्त्रींनी आल्या आल्या बॅटरीकडे पाहिलंही नाही. विचारलं, "साहेब, तळातलं पाणी बाहेर फेकणारा पंप दिवसातून किती वेळ चालतो?"

"मी इथे नसतो, काका. मला कसं कळणार?"

मग मीटर निघाला. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली, तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की उतरलीच समजा. चार्जर काढल्या काढल्या घेतलेला आकडा धरायचा नाही, तो फुगलेला असतो. इथे आकडा होता ११.७. चार्ज करून इंजिन चालू केलं तेव्हा मीटर १४.२ वर गेला. म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर आपलं काम करतोय. करंट भरला जातोय आणि कुठेतरी जातोय.

आता इंजिन बंद, मेन स्विच बंद. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर सोडली आणि मध्ये मीटर लावला, १० अँपिअरच्या खुंटीवर. (अशा वेळी कोणी स्टार्टर मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच.) आकडा आला ०.०३. रेडिओची मेमरी आणि मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटमधला निळा दिवा, एवढंच. दिवसाला पाऊण अँपिअर-तासही होत नाही. ७० अँपिअर-तासांची बॅटरी यावर आठवड्यात मरत नाही.

बरेच जण इथे मीटर आवरतात आणि बॅटरीवाल्याला शिव्या देतात. मिस्त्रींनी चहा मागवला.

(दृश्य: पाणी चढतंय. बोट हलते, तरंगायला लागते.)

तासाभराने खाडी भरू लागली. बोट उचलली गेली. आणखी थोड्या वेळाने तळातून घर्रर्र आवाज आला आणि मीटर ०.०३ वरून थेट ३.१ वर गेला. मेन स्विच बंद असतानाही तळातला पंप, म्हणजे बिल्ज पंप, चालू झाला होता.

यात बिघाड काही नाही. पंपाची वायर मेन स्विच वगळून, फ्यूजमधून सरळ बॅटरीला जोडलेली असते. पाणी वाढलं की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो. प्रश्न आहे तो किती वेळ चालतो याचा. भरती दिवसातून दोनदा. दोन्ही मिळून तो आठ तास चालला, तर दिवसाला जवळपास २५ अँपिअर-तास गेले. दोन दिवसांत ५०. तिसऱ्या दिवशी स्टार्टरला शेकड्याने अँपिअर लागतात, ते कुठून येणार?

मालकाला उपाय लगेच सुचला. "मग पंप मेन स्विचवरच घेऊन टाका ना."

"घेतो. आणि बोट कोण राखणार, तुम्ही?"

जुन्या बोटीच्या दुरुस्तीत यापेक्षा मोठी चूक मला तरी ठाऊक नाही. बॅटरी वाचते, बोट बांधल्या जागी बुडते. बॅटरी आणि गळती हे दोन वेगळे आजार धरले की माणूस इथवर येतो.

(दृश्य: स्टीलची ताटली, उन्हात.)

पाणी कुठलं, हे आधी ठरवायचं. जीभ लावून पाहायचा सल्ला देणाऱ्यांनी तळातलं डिझेल चाखलेलं नसावं. मिस्त्रींनी चार चमचे पाणी ताटलीत घेऊन टपावर ठेवलं. वाळल्यावर ताटलीभर पांढरी खरड उरली. मीठ. म्हणजे पावसाचं नाही, खाडीचं.

मग तळ फडक्याने टिपून घेतला आणि पुढून मागपर्यंत वर्तमानपत्रं अंथरली. पुढच्या भरतीला नाळेकडचे कागद कोरडे राहिले, मधले कोरडे राहिले. मागे शाफ्टच्या खाली मात्र बोटभर रुंदीचा ओला पट्टा सरळ पंपाकडे गेलेला. गळत होती ती ग्लँड.

पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो, तिथे पाणी अडवायला ग्रीसमध्ये मुरलेल्या दोरीची वेढणी भरलेली असतात. शाफ्ट फिरताना तिथून मिनिटाला काही थेंब पडायला हवेत, त्यानेच ती थंड राहते. उभ्या बोटीत जवळजवळ काहीच पडू नये. इथे उभ्या बोटीत धार लागली होती. आधी कोणीतरी नट आवळत आवळत शेवटच्या आट्यावर आणला होता आणि आतली दोरी दगड झाली होती. असं आवळलं की ग्लँड तापते आणि शाफ्टला चरे पडतात. सुदैवाने इथे ते नव्हते.

दुरुस्तीला बोट ओढून वर काढावी लागली नाही. ओहोटीचे काही तास पुरले. हुकाने जुनी दोरी उकरून काढली. नव्या दोरीची कडी तिरपी कापून बसवली, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही अशी. नट हातानेच आवळला, उरलेलं पाण्यात, इंजिन चालवून.

दुसरी गोष्ट पंपाच्या नळीची. पंप थांबला की नळीत उरलेलं पाणी परत तळात येतं, फ्लोट पुन्हा उचलतो, पंप पुन्हा सुरू. नळी लांब आणि जाड होती. ती आखूड केली, फ्लोटखाली अडकलेली जाळ्याची गाठ काढली. नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मिस्त्रींना पसंत नाही. कचरा अडकून पंपच बंद पडतो, असं त्यांचं म्हणणं.

वायरींच्या टोकांची थिंबलं (जोडणीच्या धातूच्या टोप्या) हिरवी पडली होती. ती कापून नवी लावली, कथिलाचा मुलामा असलेल्या वायरीवर. नळ्यांच्या क्लिपा बदलल्या. डेकच्या स्क्रूमधून येणारं पावसाचं पाणी जूनच्या आधी बघायचं आहे. तिथे आधीच्या मालकाने सिलिकॉनवर सिलिकॉन थापलंय, ते सगळं खरवडावं लागेल.

(दृश्य: पंपाच्या वायरीवर बसवलेला छोटा तास-मीटर.)

पुढच्या रविवारी पंपाचा आठवड्याभराचा हिशोब भरला काही मिनिटं. बॅटरी मात्र सुटली नाही. स्टार्टर मारताना व्होल्ट ९ पर्यंत घसरतात, चांगली बॅटरी १० च्या आसपास तग धरते. इतक्या वेळा तळाला जाऊन आल्यावर प्लेटांवर जो थर बसतो, तो चार्जरने जात नाही. आता ही फक्त पंपाला ठेवायची आणि इंजिनाला वेगळी घ्यायची, असं ठरलंय. मालकाने दुकानात फोन करून भाव विचारला आहे. जुनी एक्सचेंजमध्ये द्यायची नाही म्हटल्यावर तो वाढला.