कुठे लिहिलंय, ते दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

घराच्या व्यवहारात एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘सगळीकडे असंच असतं.’ हे ऐकलं की माणूस गप्प बसतो. मीही बसले होते. आईच्या पश्चात डोंबिवलीतला तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी सांगितलं, ‘ट्रान्स्फरच्या वेळी बिल्डिंग फंडाला तीन लाख द्यावे लागतात. त्याशिवाय एनओसी नाही.’

माझं लहानपण त्याच जिन्यावर गेलं. काका म्हणाले, ‘अगं, तू तर इथलीच मुलगी, तुझ्याकडून जास्त कसे घेऊ?’ त्या आपलेपणापुढे प्रश्न विचारणं फार जड जातं. घेणारेही म्हणाले, ‘दीड तुम्ही द्या, दीड आम्ही देतो. विषय संपवू.’ मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

रात्री आईची फाइल चाळताना शेअर सर्टिफिकेटच्या खाली सोसायटीच्या उपविधींची, म्हणजे नियमांची, पुस्तिका सापडली. घडीवर पिवळी पडलेली, कोपऱ्यात आईच्या अक्षरात फ्लॅटचा नंबर. त्यात हस्तांतराचं प्रकरण होतं. ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी एका जाणत्या वकिलांकडून ताजे नियम समजून घेतले. सदनिका विकताना सदस्याकडून हस्तांतर शुल्क म्हणून पाचशे रुपये घेता येतात, आणि त्याखेरीज अधिमूल्य, म्हणजे हस्तांतरावरची जादा रक्कम, प्रीमियम. त्या अधिमूल्याला महानगरपालिका हद्दीत 25,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. तसं शासनाचं 9 ऑगस्ट 2001 चं परिपत्रकच आहे. देणगी किंवा फंड अशा नावाखाली वर काही मागता येत नाही. घरातल्याच माणसाच्या नावावर करायचं असेल तर हे अधिमूल्यही लागत नाही. आणि शेअर हस्तांतरासाठी ज्या एनओसीवर सगळं अडलं होतं, ती आवश्यक नाही असं सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, म्हणजे आदर्श उपविधींतच, म्हटलेलं आहे.

मी काकांकडे गेले आणि एवढंच विचारलं, ‘काका, तीन लाख कुठल्या ठरावानं? कुठे लिहिलंय, ते दाखवाल?’ ते रागावले. पुढच्या रविवारी या म्हणाले. पुढच्या रविवारी ऑफिसला कुलूप. तिसऱ्या खेपेला मी लेखी अर्ज नेला. दुसऱ्या प्रतीवर पोच द्यायला कुणी तयार होईना. मग तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला आणि पोचपावती फाइलला लावली. श्रोतेहो, तोंडी मागणीला तोंडी उत्तर मिळतं आणि ते दर रविवारी बदलतं. कागद गेला की समोरच्यालाही कागद शोधावा लागतो. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते, हेही मी त्या अर्जात लिहिलं होतं.

पाचव्या खेपेला काकांनी 25,000 ची पावती फाडली. तेव्हा ते म्हणाले, ‘आधीच्या कमिटीनं घेतले म्हणून आम्हीही घेत होतो गं.’ मला ते खरं वाटतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

मग घर घ्यायची पाळी आली. कल्याणला एक जुना फ्लॅट पाहिला. एजंट म्हणाले, ‘साडेसहाशे फूट आहे मॅडम, पासष्ट लाख, म्हणजे दहा हजारांचा भाव.’ मी आधीच्या व्यवहाराचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, मागितला. त्यात कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायची जागा, 452 चौरस फूट. म्हणजे भाव चौदा हजारांच्या वर! उरलेले जवळपास दोनशे फूट जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात आणि भिंतींच्या जाडीत. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीच्या व्यवहारांवरचा कायदा, 2017 मध्ये पूर्ण लागू झाल्यापासून नव्या प्रकल्पात कार्पेटवरच विक्री करावी लागते, पण जुन्या घरांच्या बोलण्यात जिना-लिफ्ट धरून सांगितलेलं सुपर बिल्टअप अजून तसंच चालू आहे. नव्या इमारतीत घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज वीस टक्के भरा, करार पुढच्या महिन्यात’ असं कुणी म्हटलं, तर उठून यावं.

कल्याणचा तो फ्लॅट आम्ही सोडला. त्यानंतर प्रत्येक घरी स्टीलचा टेप घेऊन गेले. एजंट घड्याळ बघायचे, काही मालक तोंड फिरवायचे. एकांनी तर ‘विश्वास नाही का?’ असंही विचारलं. मी खोलीची लांबी वहीत टिपत राहिले. सात घरं अशी झाली.

आठव्या घरात मालकीणबाईंनी स्वतःहून टेपचं दुसरं टोक धरलं आणि खिडकीखालच्या भिंतीला टेकवलं. म्हणाल्या, ‘नीट मोजा हो. वीस वर्षं राहतोय, पण आम्हीही कधी मोजलं नाही.’ करारात 410 होतं, आमच्या मोजणीत 408 आलं. आम्ही आता तिथेच राहतो.

नमस्कार.